खालच्या पट्टीतला हिवाळा

नोव्हेंबर अर्धा सरला की कावासाकीची हवा कोरडी होत जाते. दाराच्या कडीला हात लावला की बोटाला बारीकसा झटका बसतो, ओठ फुटतात, गॅलरीतले कपडे दुपारपर्यंत कडकडीत वाळतात. तामा नदीच्या बांधावर गेलं तर पश्चिमेला फुजी इतका स्वच्छ दिसतो की कुणीतरी तो उचलून जवळ आणून ठेवला आहे असं वाटावं. याच दिवसांत भाजक्या रताळ्यांची गाडी गल्लीतून फिरायला लागते. छोटा टेम्पो, मागे लाकडांची भट्टी, आणि कर्ण्यातून एका पुरुषाचा जाडसर, लांबवलेला आवाज, "याकी-ईमोऽऽ". काल तो आवाज आला आणि मी हातातलं काम ठेवून खिडकीशी गेले. रताळी घ्यायची नव्हती. मला त्या आवाजाबरोबर एक जुना हिवाळा ऐकू येतो.

मोठ्या भूकंपानंतरचा तो दुसरा हिवाळा. कोंबिनीच्या, म्हणजे चोवीस तास उघड्या दुकानांच्या, फळ्या पुन्हा भरलेल्या होत्या, स्टेशनांवरचे दिवे पुन्हा पूर्ण लागत होते, पण माणसांच्या अंगात काहीतरी उरलं होतं. आगगाडी जरा जोरात थांबली तरी लोक वरच्या कड्यांकडे बघायचे, त्या हलतायत का म्हणून. आमच्या ऑफिसात एका मुलीच्या टेबलाखाली कायम सपाट बूट ठेवलेले असत. विचारलं तर म्हणाली, "चालत घरी जावं लागलं तर."

मी काय काम करते हे सांगितलं की लोक गोंधळतात. मी घरगुती उपकरणांचे आवाज करते. भात झाला की कुकर वाजतो, दार उघडं राहिलं की फ्रीज वाजतो, कपडे धुऊन झाले की मशीन वाजतं. ते आवाज कुणीतरी ठरवलेले असतात, हे कुणाच्या डोक्यात येत नाही. येऊही नये. मुंबईत प्रॉडक्ट डिझाइन शिकताना मला वाटायचं, आपण खुर्च्या करू, दिवे करू. नवऱ्याच्या, निखिलच्या, नोकरीमागे जपानला आले आणि इथल्या एका कंपनीच्या ध्वनी विभागात जागा मिळाली. तिथे मला मोरिता-सान भेटले.

मोरिता-सान आमच्या विभागातले सगळ्यात ज्येष्ठ. निवृत्तीला थोडी वर्षं राहिलेली, केस पांढरे, अंगात बाराही महिने राखाडी स्वेटर. ते बोलायचे कमी आणि खिशात एक छोटा रेकॉर्डर घेऊन हिंडायचे. मी नवीन असताना मला म्हणाले होते, "खोलीत बसून आवाज सापडत नाही, मीनल-सान. आवाज बाहेर कुणाच्या तरी हातात असतो. तो ऐकून यायचं." म्हणून आम्ही दुपारी बाहेर पडायचो. भाजीवाल्याने मुळ्याची जुडी फळीवर आपटलेली ऐकायचो, स्टेशनच्या फाटकावर कार्ड टेकवल्याचा आवाज टिपायचो, शाळा सुटल्यावर मुलांच्या दप्तरांना लटकलेल्या घुंगरांमागे चार पावलं जायचो. लोकांना वाटतं कल्पना सुचते म्हणजे डोक्यात दिवा लागतो. मला कधी तसं सुचल्याचं आठवत नाही. आधी कुणीतरी काहीतरी करत असतं, आणि आपण तिथे उभे असतो.

त्या वर्षी आमच्याकडे काम आलं ते नव्या मालिकेचं: फ्रीज, कुकर आणि वॉशिंग मशीन, तिन्ही एका घरातली वाटतील असे आवाज. वरून सूचना होती की आवाज नाजूक हवेत. त्यामागे कारण होतं. भूकंपाची आगाऊ सूचना फोनवर ज्या आवाजाने येते, तो ऐकून ऐकून लोक इतके पोळले होते की कुठलंही यंत्र वाजलं तरी दचकत. म्हणून आम्ही आवाज बारीक करत गेलो, वर वर नेत गेलो. काचेच्या पेल्यावर नखाने टिचकी मारावी तसा एक सूर आम्हाला सापडला. स्वच्छ, थंड, कुणाला न दुखवणारा. आम्हाला त्याचा अभिमान होता. तीन घरांत तपासायला उपकरणं द्यायची होती, त्यांतलं एक घर माझं होतं.

त्याच ऑक्टोबरमध्ये सासूबाई आमच्याकडे राहायला आल्या. त्यांना मी आईच म्हणते. आई पुण्याच्या शाळेत गणित शिकवून निवृत्त झालेल्या. बाबांना जाऊन वर्ष होत आलं होतं. पुण्याच्या फ्लॅटमध्ये त्या एकट्या, म्हणून निखिलने हट्टाने आणलं. "सहा महिने राहा, सईला तुझी सवय होऊ दे," असं म्हणाला होता. सई तेव्हा पाच वर्षांची. दिवसभर जपानी पाळणाघरात, त्यामुळे मराठीत विचारलं तरी उत्तर जपानीत. आणि आवाज चिमणीसारखा, भराभर, चढा.

पहिल्या काही दिवसांतच गोष्टी बिनसायला लागल्या. मी घरी यावं तर फ्रीजचं दार बोटभर उघडं आणि आतला दिवा लागलेला. मशीनमध्ये सकाळचे कपडे संध्याकाळपर्यंत ओले पडलेले, कुबट वास येणारे. निखिल म्हणायचा, "आई, अगं, ते वाजत असतं ना, तेव्हा लक्ष द्यायचं." आई म्हणायच्या, "हो रे, राहिलं." सई त्यांच्यासमोर उभी राहून काहीतरी सांगायची, आई मान हलवायच्या, आणि सई थोडा वेळ थांबून माझ्याकडे यायची. एकदा तिने मला विचारलं, तेही जपानीतच, "आजीला मी आवडत नाही का?"

मी म्हटलं, "आजीला जपानी येत नाही ना, म्हणून." ते मलाच पुरेसं वाटलं नाही. कारण आई आता माझ्याशीही कमी बोलत होत्या. पुण्यात फोनवर तासभर बोलणारी बाई इथे खिडकीशी बसून राहायची. स्वयंपाक करताना ओठ हलत असायचे. मला वाटायचं, एखादं स्तोत्र म्हणत असतील. डिसेंबरच्या सुरुवातीला त्या निखिलला म्हणाल्या, "माझं तिकीट अलीकडचं करता येईल का बघ."

"का गं? थंडी बाधते का?"

"नाही. माझ्या घरी बरी मी."

निखिल दुखावला. मला वाटलं, बाबांची आठवण येत असणार, आम्ही दोघं दिवसभर बाहेर, करणार काय त्या तरी. त्याहून पुढे माझा विचार गेला नाही.

त्याच आठवड्यात एका शनिवारी संध्याकाळी आम्ही सगळे घरी होतो. मी आणि निखिल बैठकीच्या खोलीत गप्पांत, फोन बाहेर चपलांच्या कपाटावर, सई टेबलाशी रंगवत बसलेली, आई आत पोळ्या लाटत होत्या. अचानक आई लाटणं हातात घेऊनच धावत आल्या, सईला दंडाला धरून टेबलाखाली ओढलं आणि स्वतः तिच्यावर वाकून बसल्या. मग मला फोन ऐकू आला. पाठोपाठ जमीन हलली. फार नाही, दिव्याने दोनचार झोके घेतले, कपाटातल्या काचा किणकिणल्या आणि थांबलं. सई टेबलाखालून हसत बाहेर आली, तिच्या केसांना पीठ लागलं होतं. निखिल म्हणाला, "आई, तुला कसं कळलं इतक्या लवकर?"

"फोन केवढ्याने ओरडत होता," आई म्हणाल्या. "तुम्हाला ऐकू नाही आला?"

मला ते खटकलं. दोन खोल्यांपलीकडचा फोन यांना आमच्याआधी ऐकू येतो, रताळ्यांची गाडी पलीकडच्या गल्लीत असतानाच या म्हणतात, "आला बघ तुमचा रताळेवाला," आणि हाताशी असलेला फ्रीज वाजतो तो ऐकू येत नाही. खटकलं, पण त्याचं काय करायचं ते कळलं नाही.

कळलं ते ऑफिसात. नव्या आवाजांची मोठी बैठक होती. नेहमी आम्ही आमच्या खोलीत ऐकतो, तिथे समोरच्या पडद्यावर आवाजाची हिरवी रेघ उठताना दिसते. त्या दिवशी सभागृहात फक्त स्पीकर होते. विभागप्रमुख, विक्रीची माणसं, आम्ही सगळे शांत बसलो. सूर वाजला, काचेवरची टिचकी, दोनदा. सगळे एकमेकांकडे बघून समाधानाने मान हलवत होते. तेवढ्यात मोरिता-सान वाजवणाऱ्या मुलाला म्हणाले, "हं, लावा आता."

सूर दोनदा वाजून गेला होता. त्या मुलाने माझ्याकडे पाहिलं. मोरिता-सानांनी आमचे चेहरे पाहिले आणि त्यांना समजलं. त्यांनी हळूच डोकं झुकवलं, "माफ करा," म्हणाले, आणि समोरचा कागद सरळ केला. त्या माणसाने चाळीसएक वर्षं आवाज करण्यात घालवली होती.

मधल्या सुट्टीत ते चहाच्या मशीनपाशी एकटे उभे होते. मी शेजारी जाऊन उभी राहिले. तेच म्हणाले, "दोन वर्षं झाली. वरचे सूर गेलेत. मी हिरवी रेघ बघून मान हलवायचो."

"डॉक्टरांना दाखवलंत?"

"वय झालं की सगळ्यांचे जातात, मीनल-सान. वरून गळायला लागतात. खालचे राहतात." मग म्हणाले, "पण इथे सांगितलं असतं तर मी काय करत बसलो असतो?"

वरचे जातात, खालचे राहतात. माझ्या हातातला कप तसाच राहिला. मला फ्रीज आठवला, मशीन आठवलं, फोनचा जाडसर बझर आठवला, गाडीवाल्याचा जाड आवाज आठवला. आणि सगळ्यात शेवटी सई आठवली.

आमच्याकडे काही महिन्यांपूर्वी एक सॉफ्टवेअर आलं होतं. कुठलाही आवाज त्यातून गाळून घेतला की सत्तरीतल्या कानाला तो कसा ऐकू येत असेल याचा अंदाज मिळतो. तोवर ते कुणी फारसं वापरलं नव्हतं. मी बैठकीनंतर कानाला हेडफोन लावले आणि आधी आमचा नवा सूर त्यातून घातला. काही नाही. वाजला आहे हे मला पडद्यावरच्या रेघेवरून कळलं. मग फोनमधली सईची एक चित्रफीत लावली. पाळणाघरातून येऊन ती आजीला काहीतरी सांगते आहे, अशी. गाळलेल्या आवाजात तिचे स आणि श पुसून गेले होते, शब्दांच्या कडा गेल्या होत्या, आणि उरला होता भिंतीपलीकडून यावा तसा गुळगुळीत हुंकार. तिचं स्वतःचं नावसुद्धा नुसतं "अई" होऊन आलं. मी ती चित्रफीत पुन्हा पुन्हा लावली. माझ्या मुलीचं बोलणं मला समजत नव्हतं.

रविवारी सकाळी निखिल सईला घेऊन बागेत गेला. मी फ्रीजचं दार उघडं ठेवलं आणि आईंना हाक मारली. फ्रीज वाजायला लागला. मी विचारलं, "आई, काही ऐकू येतंय?"

"काय?"

"फ्रीज वाजतोय. आत्ता. वाजतोच आहे."

आईंनी फ्रीजकडे पाहिलं, मग जवळ जाऊन दाराला कान लावला. कितीतरी वेळ त्या तशाच उभ्या होत्या. मग म्हणाल्या, "हा वाजतो?"

"हो. तुम्हाला सांगत होतो ना आम्ही, वाजतो म्हणून."

"मला वाटायचं, वाजून गेला असणार आणि मी विसरले असणार." त्या खुर्चीवर बसल्या. "मीनल, माझ्या अक्काचं असंच सुरू झालं होतं. आधी गॅस चालू राहायचा. मग नळ. शेवटी मला विचारायची, तुम्ही कुणाकडच्या? तीन वर्षं केलं मी तिचं. आणि आता माझं सुरू झालं असं वाटलं. तुमच्याकडे असताना नको, घरी जाऊन काय व्हायचं ते होऊ दे, म्हणून तिकीट बदल म्हटलं."

मी त्यांच्या पायाशी खाली बसले. "आणि ते ओठ हलवत असता, ते?"

आई जरा ओशाळल्या. "पाढे म्हणून बघते, पावकी, निमकी, पाऊणकी. सवायकी, दिडकी. कुठे अडते का म्हणून."

"अडता का?"

"अजून नाही."

इतके दिवस मला स्तोत्र वाटलेलं ते हे होतं. एक गणिताची बाई परक्या देशात पोळ्या लाटताना स्वतःची परीक्षा घेत होती, रोज, आणि रोज पास होऊनसुद्धा तिचा स्वतःवर विश्वास बसत नव्हता.

कानाच्या डॉक्टरांनी तपासून तेच सांगितलं जे मोरिता-सानांनी सांगितलं होतं. वयाचं आहे, वरचे सूर गेलेत, कानाला मशीन लावता येईल. आईंना त्यात रस नव्हता. मला म्हणाल्या, "कानाचं राहू दे. डोक्याचं विचार." तेव्हा डॉक्टरांनी त्याच इस्पितळात स्मृतीच्या तपासणीसाठी पाठवलं. तिथल्या डॉक्टरीण तरुण होत्या, आईंकडे तोंड करून सावकाश बोलत होत्या, मी भाषांतर करत होते. आज वार कोणता, आपण कुठे आहोत, ही पाच चित्रं लक्षात ठेवा. मग त्या म्हणाल्या, शंभरातून सात वजा करा. मी मराठीत सांगितलं.

"त्र्याण्णव."

"त्यातून पुन्हा सात."

आईंनी मग कुणाची वाटच पाहिली नाही. "शहाऐंशी, एकोणऐंशी, बाहत्तर, पासष्ट, अठ्ठावन्न." मी जपानीत सांगता सांगता मागे पडले. डॉक्टरीणबाईंनी पेन खाली ठेवलं. आई थेट खालपर्यंत गेल्या. "सोळा, नऊ, दोन. पुढे उणे संख्या येतील. सांगू का?"

बाई हसल्या, म्हणाल्या, नको, पुरे. तपासणी संपल्यावर म्हणाल्या की काळजीसारखं काही दिसत नाही. मी ते आईंना सांगितलं. त्यांनी एकदा डॉक्टरीणबाईंकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे.

"म्हणजे माझं डोकं ठीक आहे?"

"ठीक आहे, आई."

त्यांनी पर्समधून रुमाल काढला, डोळ्यांना लावला नाही, नुसता हातात धरून बसल्या. बाहेर आल्यावर म्हणाल्या, "इथे जवळ कुठे कॉफी मिळेल का?" सबंध मुक्कामात त्यांनी आपणहून मागितलेली ती पहिली गोष्ट.

तिकीट बदललं नाही. मी ऑफिसात मोरिता-सानांना सगळं सांगितलं, आईंची परवानगी घेऊन. त्यांनी ऐकून घेतलं आणि विचारलं, "तुमच्या घरी येऊन थोडं ऐकू का?" एका दुपारी ते आले, येताना चौकोनी डब्यात मिठाई घेऊन. आईंनी त्यांना पोहे दिले. दोघांना एकमेकांची भाषा येत नव्हती आणि दोघांनाही तोच सूर ऐकू येत नव्हता, त्यामुळे की काय, माझी फारशी गरज पडली नाही. मोरिता-सान स्वयंपाकघराच्या दारात रेकॉर्डर धरून उभे राहिले. आई कणीक आपटत होत्या, पोळपाटाच्या पायाची टकटक होत होती, झाकण थडथडत होतं. मधेच आईंनी मला विचारलं, "यांना म्हणावं, तुम्हालाही फ्रीज ऐकू येत नाही का?" मी भीतभीतच भाषांतर केलं.

मोरिता-सान हसायला लागले. मी त्यांना आवाज करून हसताना कधी पाहिलं नव्हतं. "येत नाही," ते म्हणाले. "आणि तो मीच केलाय."

जाताना बूट घालता घालता त्यांनी पोळपाटाकडे बोट केलं. "लाकूड. ओरडणारं काही नको, किणकिणणारंही नको. कुणीतरी दारावर हलकी थाप द्यावी, घरातल्याच माणसाने, तसं."

पुढच्या बैठकीत त्यांनी उभं राहून सांगितलं की त्यांना स्वतःला वरचे सूर ऐकू येत नाहीत. म्हणाले, "आपण दचकणाऱ्या लोकांची काळजी घेतली. ते बरोबरच होतं. पण बारीक करता करता आपण काही लोकांच्या घरातून आवाज काढूनच घेतला. ते लोक समजतात चूक त्यांची. मी त्यांच्यातला आहे. इथून पुढे माझ्या कानांना ऐकू येईल तेच मी करीन." विक्रीच्या माणसाला तो सूर जुनाट वाटला. तरुण गिऱ्हाइकाला काच आवडते, असं तो म्हणाला, आणि त्यातही तथ्य असेल. शेवटी कुकर आणि फ्रीजला लाकडी थाप मिळाली, मशीनला काचच राहिली. आमच्या कामात बहुतेक वेळा असंच होतं, अर्धंमुर्धं. मोरिता-सान निवृत्त होईपर्यंत त्याच खोलीत होते. हिरवी रेघ त्यांनी बंद करून टाकली होती.

हल्ली डिझाइन कॉलेजात बोलायला बोलावतात, तेव्हा विद्यार्थी विचारतात, प्रेरणा कुठून घेता. नवं तंत्र येतं त्यातून, की रोजच्या जगण्यातून? मी त्यांना त्या सॉफ्टवेअरविषयी सांगते. ते नसतं तर माझ्या मुलीचा आवाज तिच्या आजीला कसा ऐकू येतो हे मला कधी कळलं नसतं. पण ते महिनोन्‌महिने माझ्या संगणकात पडून होतं. फ्रीजला कान लावून उभी असलेली आई कुठल्याच यंत्राने मला दाखवली नसती. दोन्ही लागतात, एवढंच मला सांगता येतं, आणि मग मुलं ते लिहून घेतात, आणि मला वाटतं, मी नीट सांगितलं नाही.

सईला मात्र मी एकदाच सांगितलं. आजीच्या कानाला जाड आवाज आवडतो, आणि तिला तोंड दिसायला हवं. पाच वर्षांच्या मुलीला एवढं पुरलं. ती हनुवटी छातीला टेकवून अस्वलासारखा आवाज काढायला लागली.

मार्चमध्ये आईंचा निघायचा आठवडा आला. प्लमची फुलं गळून गेली होती, चेरीला अजून अवकाश होता, बांधावर वारा होता. आम्ही तिघी नदीकाठच्या बाकावर बसलो होतो. सई आजीच्या मांडीवर चढली, दोन्ही हातांनी तिचे गाल धरून तोंड आपल्याकडे वळवलं आणि अस्वलाच्या आवाजात सांगायला लागली. अर्धं मराठी, अर्धं जपानी. पाळणाघरातलं कासव हरवलं. सगळ्यांनी शोधलं. टेबलाखाली नाही, हौदात नाही. मग बाई घरी जायला निघाल्या, बाईंनी बूट घातला, आणि कासव बुटात झोपलं होतं.

शेवटचं वाक्य सगळं जपानीत होतं. मी भाषांतर करायला तोंड उघडलं, पण आई माझ्याआधीच हसल्या.